दहा शनिवार आणि बाकीचं वर्ष: अमेरिकेतल्या लहान कॉलेजात फुटबॉलचा हेड कोच व्हायचं असेल तर

अमेरिकन फुटबॉलचा कोच म्हटलं की टीव्हीवरचं चित्र डोळ्यांसमोर येतं: लाखभर माणसांचं स्टेडियम, कानाला हेडसेट, कोट्यवधींचा करार. त्या पातळीची कॉलेजं देशभरात दीडशेसुद्धा नाहीत. त्यांच्या खाली याच खेळाची केवढी तरी मोठी वस्ती आहे. एनसीएए या कॉलेज-खेळांच्या मुख्य संघटनेच्या डिव्हिजन तीनमध्ये फुटबॉल खेळणारी सुमारे २४० कॉलेजं आहेत, डिव्हिजन दोनमध्ये १६०च्या आसपास, आणि एनएआयए या लहान कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेतली आणखी निराळी. यांतली बरीचशी ओहायो, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा अशा राज्यांतल्या छोट्या गावांत आहेत, हजार ते तीन हजार विद्यार्थ्यांची. पुढचं सगळं त्या नोकरीबद्दल, आणि मुख्यतः डिव्हिजन तीनबद्दल.

एक नियम आधी पक्का समजून घ्यावा, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. डिव्हिजन दोनमध्ये फुटबॉलसाठी ३६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम तुकडे करून वाटता येते, एनएआयएमध्ये २४. डिव्हिजन तीनमध्ये शून्य. मुलाला मिळते ती मदत त्याच्या गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर, आणि ती ठरवते कॉलेजची अर्थसाहाय्य कचेरी. कोचला तिथे रदबदली करता येत नाही. म्हणजे खेळायला आलेला प्रत्येक मुलगा हा फी भरणारा विद्यार्थी असतो.

आता हिशेब मांडू. समजा राहणं-जेवण धरून कॉलेजची छापील फी वर्षाला ६०,००० डॉलर आहे आणि सगळ्या सवलती वजा जाता कुटुंब २५,००० भरतं. संघात ११८ मुलं असतील तर कॉलेजच्या गल्ल्यात साडेएकोणतीस लाख डॉलर येतात. हे ११८ जमतात कसे? दर वर्षी नवी ४५ घेतली, त्यांतली दुसऱ्या वर्षी ३१ उरली, तिसऱ्या वर्षी २४, चौथ्या वर्षी १८. पहिल्या वर्षाची गळती जरा वाढली आणि ४५पैकी २५च परत आली, की साखळी २५, १९, १४ अशी होते आणि बेरीज १०३वर येते. पंधरा मुलं कमी, पावणेचार लाख डॉलर कमी. या रकमेत दोन-चार प्राध्यापकांचे पगार बसतात, म्हणून कॉलेजचे अध्यक्ष हा आकडा पाठ ठेवून असतात.

नवख्यांची तयारी इथेच उलटी पडते. ते वहीभर चाली काढतात, मोठ्या संघांचे व्हिडिओ पाहून बचावाच्या रचना घोकतात. ते लागतंच, पण त्यासाठी दोन चांगले सहायक मिळतात. भरती आणि टिकवणं हे काम मात्र हेड कोचच्याच गळ्यात असतं. आपल्याकडच्या तालमीतला वस्ताद जसा पोराच्या खुराकापासून घरच्या पत्रापर्यंत सगळं बघतो, तशातली ही नोकरी आहे. फक्त तालमीत पोरं आपणहून येतात, इथे दारोदार जाऊन आणावी लागतात.

शिडी

नेहमीची वाट अशी: कॉलेजात खेळणं, मग तिथेच किंवा दुसरीकडे विद्यार्थी सहायक, मग ग्रॅज्युएट असिस्टंट, मग एका जागेचा (बचावातला लाइनबॅकर, पास झेलणारा रिसीव्हर वगैरे) कोच, मग आक्रमणाचा किंवा बचावाचा कोऑर्डिनेटर, आणि मग हेड कोच. दहा-पंधरा वर्षं धरावीत. ग्रॅज्युएट असिस्टंटला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘जी. ए.’ला, पदव्युत्तर शिक्षणाची फी माफ आणि महिन्याला तुटपुंजा भत्ता मिळतो. ज्या कॉलेजात पदव्युत्तर वर्गच नाहीत तिथे याच कामाला ‘इंटर्न’ म्हणतात, आणि मोबदला म्हणजे वसतिगृहात खोली आणि मेसचं जेवण.

जी. ए.ने कुठली जागा मागावी? ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे आक्रमणात पुढे उभी राहून समोरच्यांना अडवणारी फळी. पाच माणसांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायची असते, त्यामुळे धावेचा आणि पासचा सगळा आराखडा तिथून शिकता येतो. शिवाय रिसीव्हर शिकवणारे ढीगभर असतात, लाइन शिकवणारे मोजके, म्हणून त्यांना नोकऱ्या लवकर लागतात. दुसरं, एखादं विशेष पथक, म्हणजे चेंडू लाथाडायच्या वेळी उतरणारा गट, मागून घ्यावं: पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देणं) किंवा किकऑफ (खेळ सुरू करणारी किक). अख्ख्या संघासमोर उभं राहून बोलायची संधी कनिष्ठ सहायकाला तिथेच मिळते.

लहान कॉलेजातून वर जाता येतं याचे दाखले भरपूर आहेत. लान्स लायपोल्ड यांनी विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरला २००७ ते २०१४ या आठ हंगामांत सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि मग बफेलो विद्यापीठामार्गे कॅन्सस विद्यापीठ गाठलं. केलन डिबोअर हे सू फॉल्स या एनएआयए कॉलेजात पाच हंगामांत ६७ सामने जिंकून फक्त ३ हरले होते. २०२४मध्ये ते अलाबामा या बड्या विद्यापीठाचे कोच झाले. पण मुक्काम म्हणूनही ही जागा वाईट नाही. जॉन गॅग्लियार्डी मिनेसोटातल्या सेंट जॉन्समध्ये १९५३पासून २०१२पर्यंत राहिले आणि ४८९ विजयांवर निवृत्त झाले. कॉलेज फुटबॉलमध्ये इतके विजय दुसऱ्या कुणाचे नाहीत. लॅरी केरेस यांनी ओहायोतल्या माउंट युनियनमध्ये २७ हंगामांत ३३२ विजय, २४ पराभव, ३ बरोबऱ्या आणि ११ राष्ट्रीय विजेतेपदं केली आणि तिथेच थांबले. वर जायचं की मुरायचं हे पस्तिशीच्या आत ठरवलेलं बरं, कारण दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणं घरच्यांना महागात पडतं.

खेळलोच नाही, तर? वाट अवघड आहे, बंद नाही. माइक लीच कॉलेजात फुटबॉल खेळले नव्हते, वकिलीची पदवी घेऊन या धंद्यात आले. १९८९मध्ये आयोवा वेस्लियन या छोट्या कॉलेजात हॅल मम यांच्या हाताखाली ते होते आणि पुढे ‘एअर रेड’ नावाने गाजलेलं पासिंगचं तंत्र तिथेच आकाराला आलं. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुला-मुलींना दार उघडतं ते बहुधा व्हिडिओच्या खोलीतून. सामन्याचं चित्रण कापणं, प्रत्येक चालीला लेबल लावणं, त्यातून तक्ते काढणं हे काम नेहमी पडून असतं आणि ते नीट करणारा माणूस कोचला सोन्यासारखा वाटतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. हंगामात हे तास बुधवारीच संपतात, म्हणून पहिल्याच दिवशी कोचला तसं सांगून कामाची वाटणी करून घ्यावी. इकडे भारतात या खेळाचा पाया पातळ आहे. २०१२मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ उतरले होते, पण ती लीग रुजली नाही. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल, म्हणजे याच खेळाचा बिनटकरीचा प्रकार, आहे, त्यामुळे इकडची मुलं त्या वाटेने येण्याची शक्यता जास्त.

भरती

हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, दहा सामने. भरतीला मात्र सुट्टी नाही. जानेवारी ते मे अकरावीतल्या मुलांचे व्हिडिओ आणि शाळांच्या फेऱ्या. प्रत्येक सहायकाला एक इलाखा वाटून दिलेला, दिवसाला सहा-सात शाळा, आणि प्रत्येक शाळेत कोचबरोबरच समुपदेशकालाही भेटायचं, कारण गुणपत्रक त्याच्याकडे असतं. जूनमध्ये शिबिरं. हंगामात शुक्रवारी रात्री शाळांचे सामने असतात, पण त्या वेळी आपला संघ बसमध्ये असतो, म्हणून तो भाग व्हिडिओवर आणि घरच्या सामन्याला पाहुणे बोलावून भागवायचा. खरी झुंबड नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी: घरभेटी आणि कॅम्पसभेटी. मार्च-एप्रिलमध्ये मदतीची पत्रं जातात, १ मे ही अनामत भरण्याची रूढ तारीख.

उलट्या बाजूने मोजत यायचं. ऑगस्टमध्ये ४५ हवीत तर अनामत भरलेली ५०-५१ हवीत, कारण उन्हाळ्यात काही गळणारच: कुणाला गावातलं स्वस्त कॉलेज बरं वाटतं, कुणाची प्रेयसी दुसरीकडे जाते, कुणाच्या घरी पैशांची जुळणी होत नाही. कॅम्पस पाहून गेलेल्या चारांतला एक येतो असं धरलं तर २०० भेटी घडवायला हव्यात. डिसेंबर ते मार्च या काळातले शनिवार मोजले तर प्रत्येकी साधारण १२ कुटुंबं येतात. त्या दिवसाची आखणी लग्नघरासारखी करावी लागते: गाडी कुठे लावायची, नाव लिहिलेला फलक, मुलाला हव्या त्या विषयाचा प्राध्यापक, मेसमधलं जेवण, अर्थसाहाय्य कचेरीतल्या माणसाशी अर्धा तास, आणि निघताना हेड कोचशी पंधरा मिनिटं एकट्याने. ती पंधरा मिनिटं सहायकावर सोपवली की ते कुटुंब गेलंच म्हणून समजा.

चुका ठरलेल्या असतात. पहिली, व्हिडिओच्या प्रेमात पडणं. आधी गुणपत्रक, मग व्हिडिओ. प्रवेश कचेरी ज्याला घेणार नाही त्याच्या मागे घातलेले चार महिने वाया. दुसरी, वरच्या पातळीची शिष्यवृत्ती मिळेल अशा मुलाची वाट पाहत बसणं. तो फेब्रुवारीत खाली येऊ शकतो, तेव्हा दार उघडं ठेवावं, पण त्याच्यासाठी तिसऱ्या पसंतीच्या मुलाला ताटकळत ठेवू नये. तिसरी, बापाशी फुटबॉलच्या गप्पा मारणं आणि आईच्या प्रश्नांना घाईत उत्तरं देणं. वसतिगृह, शिकवणी, पदवीनंतर काय, हे प्रश्न आई विचारते आणि बहुतेक घरांत शेवटचा शब्द तिचाच. चौथी, सगळीकडून रिसीव्हर आणि कॉर्नर (रिसीव्हरला रोखणारे) गोळा होणं, कारण तसली मुलं सहज मिळतात. जागांचा कोटा भिंतीवर लिहून ठेवावा: ११८मध्ये ऑफेन्सिव्ह लाइनची १८-२०, डिफेन्सिव्ह लाइनची १६-१८, क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा) पाच-सहा. क्वार्टरबॅक दर वर्षी दोन घ्यावेत. दोघांतला एक पहिल्या वर्षअखेर जातो किंवा जागा बदलतो.

अर्थसाहाय्याचा सरकारी अर्ज, फाफ्सा, कोचने स्वतः एकदा डोळ्यांखालून घालावा. २०२४-२५ सालासाठीचा नवा अर्ज नेहमीप्रमाणे ऑक्टोबरमध्ये न उघडता २०२३च्या डिसेंबरअखेर उघडला, मदतीची पत्रं वसंत ऋतू उलटेपर्यंत लांबली, आणि ज्या कोचला त्यातलं काही कळत नव्हतं तो कुटुंबांना “थांबा” एवढंच सांगू शकत होता.

टिकवण्याचं काम ऑगस्टमध्येच सुरू होतं. मुलगा सोडून जातो तो तीन वेळी: ऑक्टोबरच्या मध्य-सत्र गुणांनंतर, नाताळच्या सुट्टीत, आणि वसंतात खेळ नसताना. शाळेत नायक असलेला मुलगा इथे चौथ्या क्रमांकावर उभा असतो, शनिवारी त्याला गणवेशही मिळत नाही. यावर सर्वांत स्वस्त औषध म्हणजे ज्युनियर संघाचे सामने, रविवारी किंवा सोमवारी, चार-पाच तरी. दमलेले सहायक हे सामने टाळायला बघतात. टाळू देऊ नयेत. दुसरं, विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळा दुपारी एक ते चार-पाचपर्यंत चालतात. डिव्हिजन तीनमध्ये प्रयोगशाळा सोडून सरावाला ये असं सांगता येत नाही. सांगितलं तर प्राध्यापकाची ईमेल अध्यक्षांकडे जाते आणि जीवशास्त्राचा मुलगा एक तर विषय सोडतो नाही तर संघ. म्हणून कुठल्या वारी कोण उशिरा येणार याचा तक्ता सत्राच्या पहिल्या आठवड्यात करावा आणि सरावाची सुरुवात वैयक्तिक कसरतींनी ठेवावी. पहिल्या वर्षाच्या मुलांना आठवड्याला सहा तास अभ्यासिका आणि चौथ्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा प्रगती-अहवाल, हे दोन्ही आपल्याच कचेरीने करावं.

आठवडा आणि सराव

रविवारी सकाळी कालच्या सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूची प्रत्येक चाल तपासून गुण द्यायचे, दुपारी मुलांना दाखवायचं, संध्याकाळी पुढचा प्रतिस्पर्धी. त्याचे शेवटचे तीन-चार सामने चालीगणिक नोंदवतात: कितवा डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू मैदानाच्या कुठल्या खुणेवर, आक्रमणाची मांडणी, कोण खेळाडू, बचावाची पुढची फळी आणि मागचं कव्हरेज (पास अडवायची रचना). नोंद चुकली की निष्कर्ष चुकतो, म्हणून एकाने भरलेलं दुसऱ्याने पडताळावं. दुसरी सावधगिरी आकड्यांची. तिसरा डाउन, चार ते सहा यार्ड, उजवी खूण एवढी चाळणी लावली की हाताशी नऊ चाली उरतात. नवातल्या सहा वेळा त्यांनी पास टाकला यावर सगळा डाव लावणारा तरुण कोऑर्डिनेटर दर हंगामात कुठे ना कुठे तोंडघशी पडतो.

सोमवार हलका, मंगळवार-बुधवार जड, गुरुवारी धार लावणं, शुक्रवारी नुसती चालत उजळणी. दोन तासांचा सराव पाच-पाच मिनिटांच्या २४ तुकड्यांत कापतात आणि कागद सकाळीच भिंतीवर लागतो. पाच मिनिटांच्या सांघिक तुकडीत दर तीस सेकंदांना एक म्हणजे दहा चाली व्हायला हव्यात. सहाच होत असतील तर कोच जास्त बोलतोय. दुरुस्ती मैदानावर एका वाक्यात, बाकी व्हिडिओवर. आणि ११८ मुलांचा सराव एकाच ठिकाणी घेतला तर ८० नुसती उभी राहतात. मैदानाच्या दोन टोकांना दोन गट चालवावेत, दुसऱ्या टोकाला कनिष्ठ मुलं आणि इंटर्न कोच.

सरावात किती धडका द्यायच्या यावर वाद आहे. गॅग्लियार्डींच्या सरावात टॅकल करायला, म्हणजे धरून पाडायला, सक्त मनाई होती, शिट्टी नव्हती, चालींची वही नव्हती, आणि मुलांनी त्यांना ‘कोच’ म्हणायचंही नाही. सगळ्यांना ते जमणार नाही. पण ज्याच्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये धडधाकट माणसं आठच आहेत त्याने मंगळवारी पूर्ण ताकदीची टक्कर घेऊ नये; शनिवारी पाच उभी राहिली पाहिजेत.

विशेष पथकांवर लहान संघ सामने हरतात, कारण भरतीत त्या जागांचा विचारच झालेला नसतो. पंटसाठी चेंडू १४-१५ यार्ड मागे साधारण ०.७५ ते ०.८० सेकंदांत पोचला पाहिजे, आणि तिथून पायाला लागेपर्यंत धरून एकूण २.१ सेकंदांच्या आत काम व्हावं. फील्ड गोलला (खांबांमधून मारायच्या किकला) सात-आठ यार्ड मागे चेंडू रोवून एकूण १.३ सेकंद. रोज घड्याळ लावून मोजावं. १.५ सेकंद लागत असतील तर दोष किकरचा नसून चेंडू मागे फेकणाऱ्याचा किंवा धरणाऱ्याचा असतो, आणि शिव्या मात्र किकर खातो.

शनिवारचे निर्णय आठवड्यात घेऊन ठेवायचे. पहिल्या दहा-पंधरा चाली लिहून नेण्याची नामवंत कोच बिल वॉल्श यांनी रूढ केलेली पद्धत इथेही चालते. मुलांची सुरुवातीची धडधड त्याने कमी होते. टचडाउननंतर (चेंडू समोरच्यांच्या टोकापार नेल्यावर) किक मारून एक गुण घ्यायचा की चाल खेळून दोन, याचा तक्ता कोच डिक व्हर्मील यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला यूसीएलए या विद्यापीठात केला होता. त्याची आपल्या संघाला साजेशी प्रत खिशात असावी. घड्याळाचा हिशेब तोंडपाठ हवा. आघाडी आपली, चेंडू आपला, पहिला डाउन, समोरच्यांकडे टाइमआउट नाही: क्वार्टरबॅकने गुडघा टेकून चाल तिथेच संपवली की ४० सेकंद जातात, तीनदा टेकला की दोन मिनिटं. म्हणजे दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असेल तर सामना खिशात. समोरच्यांच्या प्रत्येक शिल्लक टाइमआउटमागे ४० सेकंद वजा करायचे. हे गणित न करता चेंडू घेऊन धावलेला आणि हातातून सांडलेला संघ प्रत्येक हंगामात एक तरी दिसतो.

जीवाशी गाठ

१९०५च्या हंगामातल्या मृत्यूंनंतर जो गदारोळ झाला त्यातून १९०६मध्ये एनसीएएचा जन्म झाला, तेव्हा हा विषय खेळाइतकाच जुना आहे. ऑगस्टच्या सरावात सुरुवातीला फक्त हेल्मेट, मग हेल्मेट आणि शोल्डर पॅड, मग पूर्ण पॅड असं टप्प्याने चढवतात. एका दिवशी दोन टकरीचे सराव घेणं २०१७पासून बंद आहे. उन्हाळी सरावात बर्फाच्या पाण्याचा टब मैदानाच्या कडेला भरून तयार हवा, गोदामात नव्हे. उष्माघाताचा नियम: आधी थंड करा, मग रुग्णालयात हलवा. वीज कडाडली की सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नाही. सिकल सेल ट्रेट या रक्तातल्या आनुवंशिक दोषाची तपासणी ऑगस्टपूर्वी कागदावर हवी. असा मुलगा धावण्याच्या चाचणीत मागे पडला तर त्याला पळवत ठेवणं धोक्याचं असतं. डोक्याला मार लागून कन्कशनचं (मेंदूला बसलेल्या धक्क्याचं) निदान झालं की त्या दिवशी तो पुन्हा उतरत नाही, आणि निदान संघाचा वैद्यकीय ट्रेनर करतो. कोचने तिथे उभं राहून “काय, बरा आहेस ना?” असं विचारणंसुद्धा दबावच असतो.

सामानाबद्दल दोन ओळी पुरेत. हेल्मेटं डिसेंबरमध्येच दुरुस्ती-तपासणीला पाठवावीत, जूनमध्ये पाठवली तर ऑगस्टला हाती येत नाहीत. आणि दहा वर्षांपेक्षा जुनी हेल्मेटं ते लोक परत प्रमाणित करत नाहीत, तेव्हा खरेदी दर वर्षी थोडी थोडी ठेवावी, नाहीतर एकाच साली साठ हेल्मेटांचं बिल येतं. धोब्याचं काम, मैदानावरच्या रेघा, बसचं भाडं ठरवणं हे सगळं सहायकांत वाटलेलं असतं. पूर्णवेळ माणसं हेड कोच धरून चार-पाच, बाकी इंटर्न आणि अर्धवेळ. म्हणून सहायक निवडताना डावपेचांइतकंच हेही पाहावं की तो आठवड्याला साठ फोन करेल का.

जागा मिळवताना

जागा नोव्हेंबरच्या मध्यावर रिकाम्या होतात आणि नाताळच्या आत भरतात. जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन असतं. तिथे हॉटेलच्या लॉबीत सहायकांच्या नोकऱ्या ठरतात, हेड कोचच्या बहुधा आधीच ठरलेल्या असतात. मुलाखत दिवसभर चालते: क्रीडा संचालक, प्रवेश कचेरी, एक-दोन प्राध्यापक, खेळाडूंचा गट, अध्यक्ष. चालींचं जाडजूड बाड कुणी उघडत नाही. पाच पानं न्यावीत: जागांनुसार चार वर्षांच्या भरतीचा आराखडा, कुठल्या भागातून किती, टिकवण्याची योजना, सरावाचं वेळापत्रक, पहिल्या महिन्याचा कार्यक्रम.

तुम्हीही कॉलेजची मुलाखत घ्या, फाइल उघडून. पाच वर्षांची विद्यार्थिसंख्या पाहा. खासगी कॉलेजांची फॉर्म ९९० ही करविवरणं जाहीर असतात, तोटा सलग किती वर्षं आहे ते कळतं. क्रीडा समानतेच्या कायद्याखाली दर वर्षी भरलेली ईएडीए आकडेवारी सरकारी संकेतस्थळावर आहे. त्यात संघातल्या मुलांची संख्या, खर्च, कोचच्या पगाराची सरासरी मिळते. १९७२च्या टायटल नाइन या शिक्षणातल्या स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्यामुळे मुलग्यांचा संघ फुगवायचा तर मुलींच्या खेळांकडेही बघावं लागतं, तेव्हा “आणा दीडशे” म्हणणाऱ्या अध्यक्षांना तो प्रश्न विचारून ठेवावा. ज्या आयोवा वेस्लियनमध्ये एअर रेड जन्मलं ते कॉलेज २०२३मध्ये बंद झालं. मिशिगनमधलं फिनलंडिया त्याच वर्षी, अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न २०२४मध्ये. तिघांकडेही फुटबॉलचे संघ होते. पगार श्रीमंत कॉलेजं सोडली तर गावातल्या अनुभवी शिक्षकाच्या आसपास, करार बऱ्याचदा वर्षावर्षाचा. त्यात मुलांच्या कॉलेज-फीची सवलत आहे का ते नीट वाचावं. दोन मुलं असतील तर ती पगाराहून मोठी ठरते.

नेमणूक झाली की डिसेंबरचा सापळा असतो. परीक्षा चालू, आठवडाभरात मुलं घरी जाणार, आणि आधीच्या कोचने बोलवलेली बारावीची मुलं हवेत लटकलेली. पहिल्या ४८ तासांत त्या यादीतल्या प्रत्येक घरी हेड कोचने स्वतः फोन करायचा, मुलगा आपल्या पद्धतीत बसत नसला तरी. मग सध्याच्या प्रत्येक खेळाडूला पंधरा मिनिटं. शंभर मुलं म्हणजे २५ तास. सहायक अजून नेमलेले नसतात, तरी हे आधी. तीन प्रश्न पुरतात: कुठला विषय शिकतोस, कशामुळे आलास, कशामुळे जाशील. उत्तरं लिहून ठेवावीत. नवी बचावरचना, नवे गणवेश, भिंतीवरची घोषवाक्यं हे सगळं फेब्रुवारीपर्यंत थांबू शकतं. सुट्टीत प्रत्येकाला एकदा फोन, आणि जानेवारीत वर्ग सुरू झाल्याच्या पहिल्या सोमवारी व्यायामशाळेच्या दारात उभं राहून मोजायचं, किती आले.